थ्रेड उपाशी का राहतात आणि त्यांची पाळी कशी आणायची: जावा बॅकएंड शिकणाऱ्यांसाठी

सर्व्हर चालू आहे, सीपीयू दहा टक्क्यांच्या वर जात नाही, मेमरी भरपूर मोकळी आहे, लॉगमध्ये एरर नाही. तरीही एकाही रिक्वेस्टला उत्तर मिळत नाही. रिस्टार्ट केला की थोडा वेळ सगळं सुरळीत चालतं आणि मग पुन्हा तोच खोळंबा. जावामध्ये बॅकएंडचं काम नव्याने करणाऱ्यांना हा प्रसंग लवकरच भेटतो आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा थ्रेड स्टार्व्हेशन असतं.

थ्रेड (प्रोग्राममधला काम करणारा एक स्वतंत्र धागा) काम करायला तयार आहे, पण त्याला लागणारी गोष्ट त्याच्या हाती येतच नाही, ही स्टार्व्हेशनची अवस्था. ती गोष्ट म्हणजे सीपीयू, लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप), थ्रेड पूलमधली म्हणजे कामं उरकणाऱ्या थ्रेडांच्या ठरावीक संचातली जागा किंवा डेटाबेस कनेक्शन, यांपैकी काहीही असू शकतं. कोणीतरी ती धरून बसलेलं असतं, नाहीतर दुसरेच मध्ये घुसून ती घेत राहतात. डेडलॉकमध्ये दोन-तीन थ्रेड एकमेकांसाठी कायमचे अडकतात. स्टार्व्हेशनमध्ये बाकीची सिस्टीम चाललेली असू शकते, काहींची पाळी तेवढी येत नाही. कामाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा की लॉकांचा डेडलॉक जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतः शोधतं आणि थ्रेड डम्पच्या, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करतोय याच्या यादीच्या, शेवटी स्पष्ट छापतं. स्टार्व्हेशनसाठी तशी ओळ कधीच येत नाही. ते डम्प वाचणाऱ्यालाच ओळखावं लागतं, म्हणून या लेखात डम्प वाचण्यावर जास्त भर दिला आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला ठेवू. पाठ्यपुस्तकांत स्टार्व्हेशनचं पहिलं उदाहरण बहुधा प्रायॉरिटीचं असतं: जास्त प्रायॉरिटीचे थ्रेड सीपीयू खातात, कमी प्रायॉरिटीचा उपाशी राहतो. रिअल-टाइम सिस्टीममध्ये हे अगदी खरं आहे. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार रीसेट होत होता. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्रायॉरिटीच्या टास्कने एक म्यूटेक्स (एक प्रकारचं लॉक) धरलेला असायचा आणि मधल्या प्रायॉरिटीच्या टास्क तिला सीपीयूच मिळू द्यायच्या नाहीत. त्यामुळे त्या म्यूटेक्ससाठी थांबलेली जास्त प्रायॉरिटीची टास्क वेळेत पुरी होत नव्हती. म्यूटेक्सवर प्रायॉरिटी इनहेरिटन्स (म्यूटेक्स धरणाऱ्या टास्कला, त्यासाठी थांबलेल्या टास्कची प्रायॉरिटी तात्पुरती देणं) चालू करून पृथ्वीवरूनच ती दुरुस्ती झाली. पण लिनक्सवरच्या नेहमीच्या जावा सर्व्हरमध्ये हा मार्ग शोधत बसू नका. तिथे हॉटस्पॉट जेव्हीएम थ्रेडची प्रायॉरिटी डिफॉल्टने विचारातच घेत नाही, त्यामुळे सेट-प्रायॉरिटी लिहून काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. तुमचे थ्रेड उपाशी राहतात ते पूल, कनेक्शन आणि लॉक यांच्यापायी.

आधी मुद्दाम घडवून बघा

हा प्रयोग पंधरा मिनिटांत होतो आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे, म्हणून तो टाळू नका.

एक्झिक्युटर्सच्या न्यू-फिक्स्ड-थ्रेड-पूलने दोन थ्रेडचा पूल बनवा. एक ‘पालक’ टास्क लिहा. ती आधी १०० मिलिसेकंद झोपेल, मग त्याच पूलमध्ये एक ‘बाळ’ टास्क टाकेल आणि मिळालेल्या फ्यूचरवर (पुढे येणाऱ्या उत्तराची पावती) गेट करून तिच्या उत्तराची वाट बघेल. बाळ टास्कने नुसतं एक वाक्य छापलं तरी चालेल. मेन मेथडमध्ये पालकांची फ्यूचर्स गोळा करा, प्रत्येकावर गेट करा आणि त्यानंतरच पूल शटडाउन करा. हा क्रम पाळा. शटडाउन आधी केलंत तर पालकाने टाकलेलं बाळ पूल नाकारेल. शटडाउन केलंच नाही तर काम पुरं होऊनही प्रोग्राम संपणार नाही आणि तुम्हाला तो अडकल्यासारखा वाटेल.

पहिल्यांदा एकच पालक टाका. एका थ्रेडवर पालक, दुसऱ्यावर बाळ. काम झटकन संपतं. आता दोन पालक टाका. दोन्ही थ्रेड पालकांनी व्यापले, दोन्ही बाळं रांगेत, आणि पालक त्या बाळांसाठीच थांबलेले. प्रोग्राम तसाच उभा राहतो. सीपीयू शून्य, एररही नाही.

पूल तीनचा करा, सुटतो. तीन पालक टाका, पुन्हा अडकतो. पूल वाढवल्याने अडकण्याची वेळ फक्त पुढे सरकली, कारण तसंच राहिलं. प्रत्यक्षात पहिला उपाय म्हणून सगळे पूलच वाढवतात आणि आठवड्याभराने ट्रॅफिक वाढला की तिथेच परत येतात. या प्रयोगातले खरे उपाय दोनच. एक तर बाळांना वेगळा पूल द्या, नाहीतर पालकाला थांबायलाच लावू नका: कम्प्लीटेबल-फ्यूचरच्या देन-कम्पोजने पुढचं काम जोडा, म्हणजे थ्रेड मोकळा होतो. गेटला दोन सेकंदांची मुदत दिली तर पालक टाइमआउट होऊन बाजूला होतो आणि गाडी हलते. मात्र तेव्हा बाळाचं फ्यूचर कॅन्सलही करा, नाहीतर कोणालाच नको असलेलं काम रांगेतून उठून थ्रेड खात बसतं.

डम्प कसा वाचायचा

प्रयोग अडकलेला असतानाच दुसऱ्या टर्मिनलमध्ये जेपीएस चालवून प्रोसेस आयडी घ्या आणि जेसीएमडीला तो आयडी व थ्रेड डॉट प्रिंट ही आज्ञा द्या. दोन्ही पूल थ्रेड वेटिंग अवस्थेत दिसतील आणि त्यांच्या स्टॅकमध्ये (चालू मेथडच्या साखळीत) फ्यूचर-टास्कचं गेट दिसेल. तळाशी डेडलॉकची सूचना नसेल, कारण फ्यूचरला लॉकसारखा मालक नसतो आणि जेव्हीएमला साखळी जोडता येत नाही.

प्रॉडक्शनवर एक डम्प पुरत नाही. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन घ्या आणि तेच थ्रेड त्याच ओळीवर उभे आहेत का ते बघा. एकट्या डम्पमध्ये व्यस्त थ्रेड आणि अडकलेला थ्रेड सारखेच दिसतात. जेडीके ११ पासून प्रत्येक थ्रेडच्या पहिल्या ओळीत त्याने वापरलेला सीपीयू वेळ छापला जातो. तीनही डम्पमध्ये तो आकडा हलला नसेल तर त्या थ्रेडने मधल्या वेळात काही केलेलं नाही.

नवख्यांची फसगत ठरलेल्या दोन ठिकाणी होते. पहिलं, वेटिंग दिसलं की अडकलाच असं समजणं. टॉमकॅटचा (वेब रिक्वेस्ट घेणाऱ्या सर्व्हरचा) रिकामा थ्रेडही वेटिंगमध्येच असतो. त्याच्या स्टॅकमध्ये टास्क-क्यू आणि टेक किंवा पोल दिसतं, म्हणजे तो कामाची वाट बघत निवांत आहे. असे थ्रेड भरपूर दिसले तर पूल उपाशी नाही, दुखणं दुसरीकडे आहे. दुसरं, रनेबल म्हणजे सीपीयूवर पळतोय असं समजणं. समोरच्या सर्व्हरच्या उत्तरासाठी सॉकेट रीडमध्ये ताटकळणारा थ्रेडसुद्धा जावाच्या हिशेबी रनेबलच असतो. म्हणून अवस्थेचं नाव वाचून थांबू नका, स्टॅकच्या वरच्या आठ-दहा ओळी वाचा.

ब्लॉक्ड दिसला तर तो ज्या लॉकसाठी थांबलाय त्याचा पत्ता कॉपी करून त्याच डम्पमध्ये शोधा. तोच पत्ता ज्या थ्रेडखाली लॉक्ड म्हणून दिसेल तो मालक, आणि त्याचा स्टॅक सगळं सांगतो. रीएन्ट्रंट-लॉकचा (जावाच्या लायब्ररीतल्या लॉकचा) मालक साध्या डम्पमध्ये दिसत नाही, त्यासाठी थ्रेड डॉट प्रिंटला हायफन एल हा पर्याय जोडावा लागतो. टाइम्ड-वेटिंगमधले पन्नास थ्रेड हिकारीच्या (डेटाबेस कनेक्शनचा पूल सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या) गेट-कनेक्शनवर उभे असतील तर डेटाबेस कनेक्शन कोण धरून बसलंय ते शोधायचं.

हे सगळं सोपं व्हावं असं वाटत असेल तर आजच प्रत्येक पूलला नाव द्या. ‘पूल-३-थ्रेड-७’ यातून काही कळत नाही, ‘पेमेंट-७’ यातून निम्मं उत्तर मिळतं.

हिशेब: किती थ्रेड किती वेळात संपतात

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे रोज उपयोगी पडतो: एका वेळी चालू असलेली कामं म्हणजे सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले प्रत्येकीला लागणारे सेकंद. सेकंदाला ४० विनंत्या आणि प्रत्येकी पाव सेकंद, म्हणजे सरासरी १० थ्रेड व्यस्त. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमधल्या टॉमकॅटला डिफॉल्टने २०० थ्रेड असतात, म्हणजे ऐसपैस जागा आहे.

आता समोरची पेमेंट सेवा मंदावली आणि उत्तराला ६ सेकंद लागू लागले. ४० गुणिले ६ म्हणजे २४०. पहिलं उत्तर यायच्या आतच, पाचव्या सेकंदाला, दोनशेच्या दोनशे थ्रेड पेमेंटच्या सॉकेटवर उभे असतात. उत्पादनांची यादी दाखवणाऱ्या रिक्वेस्टचा पेमेंटशी काही संबंध नाही, पण तीही रांगेत. टॉमकॅट डिफॉल्टने ८१९२ कनेक्शन स्वीकारत राहतो, त्यामुळे ग्राहकाला नकारही मिळत नाही, नुसतं फिरणारं चक्र दिसतं.

कुबरनेटीसवर (कंटेनर चालवून सांभाळणाऱ्या प्रणालीवर) हे आणखी चिघळतं. लाइव्हनेस प्रोबची (सेवा जिवंत आहे का या तपासणीची) डिफॉल्ट मुदत १ सेकंद, दर १० सेकंदांनी तपासणी आणि ३ अपयशं झाली की कंटेनर रिस्टार्ट. तपासणीची रिक्वेस्टही त्याच दोनशे थ्रेडांच्या रांगेत उभी असते, म्हणून ती नापास होते. एक पॉड (सेवेची एक चालू प्रत) गेला की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो आणि तेही त्याच वाटेने जातात. लाइव्हनेस वेगळ्या मॅनेजमेंट पोर्टवर ठेवली तर तिला स्वतःचे थ्रेड मिळतात. रेडीनेस ही दुसरी तपासणी मात्र मुख्य पोर्टवरच राहू द्या, कारण रिक्वेस्ट घेता येतात की नाही हे तिथूनच खरं कळतं.

प्रत्येक थांबण्याला मुदत

कोड उघडा आणि थ्रेड जिथे जिथे थांबतो त्या जागा शोधून काढा. बऱ्याच ठिकाणी मुदत नसते, कारण डिफॉल्टच तसा आहे. एचटीटीपी-यूआरएल-कनेक्शनचे कनेक्ट आणि रीड टाइमआउट दोन्ही शून्य असतात, आणि शून्याचा अर्थ ‘कायम थांब’ असा आहे. जावा ११ मधला नवा एचटीटीपी क्लायंटही रिक्वेस्टला आपणहून मुदत लावत नाही. फ्यूचरचं गेट आणि लॉकचं लॉक, दोन्ही अमर्याद. हिकारी कनेक्शनसाठी ३० सेकंद थांबतो. मुदत आहे खरी, पण मोबाइल ॲप ३ सेकंदांत हार मानत असेल तर उरलेले २७ सेकंद तो थ्रेड कोणासाठीच थांबलेला नसतो.

मुदती बाहेरून आत ठरवा. ग्राहक ३ सेकंद थांबतो असं धरलं, तर पेमेंटच्या कॉलला जास्तीत जास्त २ सेकंद, कनेक्ट टाइमआउट अर्धा सेकंद, हिकारीची मुदत १००० मिलिसेकंद, लॉकसाठी मुदतीचा ट्राय-लॉक, तोही अर्ध्या सेकंदाचा. आकडे तुमच्या सेवेप्रमाणे बदलतील, आतली मुदत बाहेरच्यापेक्षा लहान हे मात्र बदलू नये. आणखी एक बारीक गोष्ट: रीड टाइमआउट बहुधा दोन वाचनांमधल्या शांततेवर लागतो, पूर्ण उत्तरावर नाही. समोरचा सर्व्हर दर सेकंदाला एक-दोन बाइट पाठवत राहिला तर २ सेकंदांचा टाइमआउट कधीच लागत नाही. म्हणून पूर्ण कॉलवर वेगळी मुदत हवी.

कामागणिक वेगळा पूल

मंद काम आणि जलद काम एका पूलमध्ये राहिलं की मंद काम जलद कामाची जागा खातं. पेमेंटसाठी वेगळा, पीडीएफ बनवण्यासाठी वेगळा, ईमेलसाठी वेगळा पूल ठेवा. पेमेंटचा पूल १६ थ्रेडचा असेल तर पेमेंट कितीही मंदावलं तरी त्यात १६ थ्रेडच बुडतील. अट एकच: टॉमकॅटचा थ्रेड त्या पूलच्या उत्तराची बिनमुदत वाट बघत बसता कामा नये, नाहीतर पालक-बाळाचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडतो.

इथे थ्रेड-पूल-एक्झिक्युटरचा एक नियम नीट समजून घ्या, कारण तो अंदाजाच्या उलटा आहे. कोअर (कायम ठेवलेले) थ्रेड भरल्यावर तो नवे थ्रेड बनवत नाही, आधी रांग भरतो. रांग पूर्ण भरली तरच मॅक्सपर्यंत, म्हणजे कमाल संख्येपर्यंत, थ्रेड वाढतात. रांग अमर्याद असेल तर ती भरणारच नाही, म्हणून मॅक्सला ५०० लिहिलंत तरी पूल कोअरवरच अडून राहतो. न्यू-फिक्स्ड-थ्रेड-पूलची रांग अशीच अमर्याद आहे. स्प्रिंग बूटच्या असिंक कामांसाठी डिफॉल्ट पूलही तसाच: कोअर ८, रांगेला सीमा नाही. रांग मर्यादित ठेवा, उदाहरणार्थ ५० जागांची, आणि भरल्यावर काय करायचं ते स्वतः ठरवा. डिफॉल्ट धोरण नकार देतं. तो नकार पकडून ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) परत करणं वेब सेवेसाठी बरं. कॉलर-रन्स हे धोरण सोयीचं वाटतं, पण तिथे कॉलर टॉमकॅटचाच थ्रेड असतो, म्हणजे वेगळं काढलेलं मंद काम पुन्हा त्याच्या गळ्यात.

न दिसणारे सामाईक पूल जास्त धोकादायक असतात. कम्प्लीटेबल-फ्यूचरच्या सप्लाय-असिंकला एक्झिक्युटर दिला नाही तर काम फोर्क-जॉइनच्या कॉमन पूलमध्ये जातं. चार सीपीयू कोअरच्या मशीनवर त्यात ३ थ्रेड असतात आणि पॅरलल स्ट्रीमही तेच वापरतात. तिथे तीन नेटवर्क कॉल अडकले की त्या जेव्हीएममधली अशी सगळीच कामं खोळंबतात. स्प्रिंगच्या शेड्यूल्ड कामांचा पूल तर डिफॉल्टने एकाच थ्रेडचा आहे. दर मिनिटाचं काम रोज रात्री तासभर का चालत नाही, याचं उत्तर बहुधा त्याच वेळी चालणाऱ्या तासाभराच्या रिपोर्टमध्ये असतं.

कनेक्शन आणि लॉक हातात धरून थांबू नका

हिकारीचा पूल डिफॉल्टने १० कनेक्शनचा असतो. ट्रान्झॅक्शनल मेथडमध्ये आधी ऑर्डर सेव्ह केली, मग त्याच मेथडमध्ये पेमेंटचा ६ सेकंदांचा कॉल केला, तर ते सहाही सेकंद कनेक्शन हातातच असतं. १० कनेक्शन भागिले ६ सेकंद, म्हणजे पूर्ण सेवेचा वेग सेकंदाला दोन ऑर्डरपेक्षाही कमी. डेटाबेस मात्र आरामात बसलेला दिसतो. ट्रान्झॅक्शन तीन तुकड्यांत मोडा: ऑर्डर ‘प्रलंबित’ म्हणून सेव्ह करून कमिट, मग ट्रान्झॅक्शनबाहेर पेमेंट कॉल, मग नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये स्थिती बदला. मधे प्रोसेस मेली तर प्रलंबित राहिलेल्या ऑर्डर तपासणारं एक काम लिहावं लागेल. ते कष्ट घेण्यासारखे आहेत.

रिक्वायर्स-न्यू (चालू ट्रान्झॅक्शन थांबवून नवं उघडणारा) हा पर्याय दिसला तर तिथे थांबून हिशेब करा. तो पहिलं कनेक्शन न सोडता दुसरं मागतो. दहा थ्रेडांनी पहिलं घेतलं की दुसरं कोणालाच मिळत नाही आणि सगळे मुदत संपेपर्यंत उभे. पुन्हा पालक आणि बाळच. यातून सुटण्यासाठी हिकारीच्या माहितीत एक सूत्र दिलं आहे: थ्रेडांची संख्या गुणिले (एका थ्रेडला एकदम लागणारी कनेक्शन उणे १), अधिक १. दहा थ्रेड, दोन कनेक्शन, म्हणजे किमान ११. टॉमकॅटच्या २०० थ्रेडांना २०१ लागतील, जे बहुतेक डेटाबेसना झेपणार नाही. त्यापेक्षा रिक्वायर्स-न्यू काढा, किंवा बाहेरच्या ट्रान्झॅक्शनच्या तोंडाशी, पहिलं कनेक्शन घेण्याआधीच, सेमाफोर लावून एका वेळी फक्त ५ थ्रेड आत सोडा.

लॉकबद्दल थोडक्यात. सिंक्रोनाइज्ड (जावाचं अंगभूत लॉक) कोणत्याही क्रमाची हमी देत नाही. नुकता आलेला थ्रेड कधीपासून थांबलेल्याच्या आधी लॉक घेऊ शकतो. रीएन्ट्रंट-लॉक बनवताना ट्रू दिलं की रांगेचा क्रम पाळला जातो (हाच फेअर लॉक), त्याची किंमत म्हणजे एकूण वेग कमी होतो. फेअर लॉकवरही बिनमुदतीचा ट्राय-लॉक रांग मोडून घुसतो. क्रम पाळायचा तर मुदतीचा वापरा, मुदत शून्य दिली तरी चालते. पण आमचं मत स्पष्ट आहे: फेअरनेसकडे वळण्याआधी लॉकच्या आतलं काम छोटं करा. लॉक धरून नेटवर्क कॉल होत असेल तर क्रम कितीही न्याय्य असला तरी सगळे ताटकळणारच.

व्हर्च्युअल थ्रेड आले म्हणजे सुटलो का

जेडीके २१ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून, व्हर्च्युअल थ्रेड (जेव्हीएम स्वतः सांभाळतं असे हलके थ्रेड) मिळतात आणि स्प्रिंग बूट ३.२ मध्ये ते एका सेटिंगने चालू होतात. दोनशे थ्रेडांची अडचण त्याने खरोखर मिटते. पण कनेक्शन दहाच राहतात, आता त्यांच्यापुढे हजारोंची रांग लागू शकते, म्हणून सेमाफोरची गरज उलट वाढते. व्हर्च्युअल थ्रेड ज्या मोजक्या खऱ्या थ्रेडांवर चालतात त्यांची संख्या डिफॉल्टने सीपीयू कोअरइतकीच असते, आणि नुसती आकडेमोड करणाऱ्या व्हर्च्युअल थ्रेडला जेव्हीएम मधेच बाजूला करत नाही. अशी कामं साध्या पूलमध्येच ठेवा. जेडीके २४ च्या आधीच्या आवृत्त्यांत सिंक्रोनाइज्डच्या आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खाली असलेला खरा थ्रेडही अडवून ठेवतो. जेडीके २१ वर असाल तर जुन्या लायब्ररींमध्ये हे तपासा. व्हर्च्युअल थ्रेडांचा डम्प घेण्यासाठी थ्रेड डॉट प्रिंट उपयोगाचं नाही, जेसीएमडीची थ्रेड डॉट डम्प-टू-फाइल ही आज्ञा वापरा.

लक्ष कुठे ठेवायचं

मायक्रोमीटरमधून (मोजमापं गोळा करणाऱ्या लायब्ररीतून) तीन आकडे डॅशबोर्डवर आणा: हिकारीचे पेंडिंग (कनेक्शनसाठी थांबलेले), प्रत्येक एक्झिक्युटरचे क्यूड (रांगेतली कामं) आणि टॉमकॅटचे बिझी थ्रेड. तिसरा दिसण्यासाठी स्प्रिंग बूटमध्ये टॉमकॅटची एमबीन रजिस्ट्री चालू करावी लागते. पेंडिंग मिनिटभर सलग शून्याच्या वर राहिलं तर अलार्म वाजू द्या. सीपीयूचा अलार्म इथे उपयोगाचा नाही, तो तर खालीच असतो. कंटेनरला सीपीयूची मर्यादा घातली असेल तर सीग्रुपच्या (ही मर्यादा पाळणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या) सीपीयू डॉट स्टॅट फाइलमधला थ्रॉटल्डचा, म्हणजे सीपीयू रोखल्याचा, आकडाही बघा. तो झपाट्याने वाढत असेल तर थ्रेड खरोखरच सीपीयूसाठी उपाशी आहेत.

मग चाचणी घ्या. पेमेंट सेवेच्या जागी वायरमॉक (चाचणीसाठी नकली सेवा उभी करणारं साधन) ठेवा, त्याला ६००० मिलिसेकंदांचा ठरावीक उशीर लावा आणि दोन मिनिटं सेकंदाला ४० ऑर्डर पाठवा. त्याच वेळी उत्पादनांच्या यादीला सेकंदाला ५ विनंत्या जाऊ द्या. ऑर्डर ५०३ ने किंवा टाइमआउटने परत येतील, ते ठीक आहे. यादीचा वेळ नेहमीच्या दुपटीच्या आत राहिला पाहिजे. नाही राहिला तर चाचणी चालू असतानाच तीन डम्प घ्या आणि यादीचे थ्रेड कोणत्या ओळीवर उभे आहेत ते शोधा. उशीर काढल्यावर अर्ध्या मिनिटात ऑर्डरही रिस्टार्ट न करता सुरळीत झाल्या पाहिजेत. तसं झालं नाही तर मुदत नसलेली एखादी जागा अजून तुमच्या नजरेतून सुटलेली आहे.